आवाज कसा तुटतो, ते आधी ऐकावे

घरी संगणकावर काम करताना दिवसाचे सात-आठ तास माझ्याकडे ऑनलाइन रेडिओ सुरू असतो. काही महिन्यांपूर्वी तो रोज रात्री दहाच्या सुमारास अडखळू लागला. गाणे मध्येच थांबायचे, तीन-चार सेकंद पूर्ण शांतता पसरायची आणि मग जिथे थांबले होते नेमके तिथूनच ते पुढे सुरू व्हायचे. एका ओळीचा पहिला अर्धा भाग आधी ऐकू यायचा आणि उरलेला अर्धा शांततेनंतर, मधला एकही शब्द न गळता. या शेवटच्या तपशिलातच दुखण्याचे निम्मे निदान होते, पण ते माझ्या ध्यानात यायला तीन आठवडे गेले. तोवर मी राउटर बंद करून चालू केला, ब्राउझरचा कॅशे पुसला, साउंड ड्रायव्हर (साउंड कार्ड चालवणारा प्रोग्राम) काढून पुन्हा टाकला, हेडफोन बदलले आणि शेवटी इंटरनेट कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला. पलीकडचा मुलगा नम्र होता. “सर, स्पीड टेस्ट करून बघा,” असे तो म्हणाला. मी केली, आकडा उत्तम आला. “मग आमच्याकडून काही प्रॉब्लेम नाही, सर,” असे म्हणून त्याने तक्रार बंद केली. दोष त्याचा नव्हता, कारण “रेडिओ नीट चालत नाही” एवढेच मी त्याला सांगितले होते आणि एवढ्यावरून कोणालाच काही सांगता येणार नाही.

रेडिओ बिघडतो म्हणजे काय होते, हे कानाने नीट ऐकून घेतल्याशिवाय एकाही सेटिंगला हात लावू नये, असे माझे आता ठाम मत झाले आहे. प्रसारण केंद्रातला आवाज एन्कोडरमधून दाबून लहान केला जातो, सर्व्हरवर जातो, तिथून इंटरनेटवरून आपल्या राउटरपर्यंत आणि मग वाय-फायने संगणकात येतो, प्लेअरच्या बफरमध्ये क्षणभर साठतो, उलगडला जातो आणि साउंड कार्डमधून स्पीकरला पोहोचतो. या साखळीतली प्रत्येक कडी तुटण्याचा आवाज वेगळा असतो. स्वच्छ शांतता आणि मग पुढे सुरू, असे झाले तर डेटा वेळेवर पोहोचत नाही असे समजावे. तडतड, खरखर किंवा अगदी बारीक-बारीक कापल्यासारखा आवाज येत असेल, तर डेटा पोहोचला आहे, पण संगणकाला तो वेळेत वाजवता येत नाही. प्लेअरमधले सेकंद पुढे सरकत असूनही काहीच ऐकू येत नसेल, तर आवाज भलत्याच ठिकाणी जात आहे. आणि बटण दाबताच चूक दाखवली जात असेल किंवा चाक नुसतेच फिरत राहत असेल, तर पत्त्यातच काही गडबड आहे.

कानाने सांगितलेले पडताळून पाहायला दोन मिनिटे पुरतात. संगणकात आधीच असलेली एखादी गाण्याची फाइल वाजवावी; ती नीट वाजली तर साउंड कार्ड आणि स्पीकर यांच्यावरचा संशय बव्हंशी दूर होतो. मग त्याच संगणकावर दुसरे एखादे स्टेशन लावावे. शेवटी बिघडलेले स्टेशन फोनवर, वाय-फाय बंद करून, मोबाइल डेटावर लावावे. तिथेही ते अडखळत असेल तर दोष बहुधा प्रसारण करणाऱ्यांच्या बाजूचा आहे आणि आपण घरातल्या तारा उपसण्यात अर्थ नाही. मी यातली पहिली चाचणी पहिल्याच रात्री केली असती, तर निदान तो ड्रायव्हर तरी वाचला असता.

सर्वांत जास्त गोंधळ पत्त्यांचा असतो, आणि त्याचे कारण ऐतिहासिक आहे. स्टेशनच्या संकेतस्थळावरून उतरवलेली पीएलएस किंवा एम३यू प्रकारची फाइल म्हणजे गाणे नव्हे. ती चार ओळींची साधी मजकुराची फाइल असते आणि तिच्यात खऱ्या स्ट्रीमचा, म्हणजे सर्व्हरवरून येणाऱ्या आवाजाच्या प्रवाहाचा, पत्ता लिहिलेला असतो. ती नोटपॅडमध्ये उघडली की पत्ता डोळ्यांना दिसतो. तो उचलून व्हीएलसी प्लेअरच्या ‘मीडिया’ मेनूतल्या ‘ओपन नेटवर्क स्ट्रीम’ या ठिकाणी चिकटवावा. तिथे रेडिओ वाजला आणि ब्राउझरमध्ये वाजत नसेल, तर स्टेशन आणि इंटरनेट दोन्ही निर्दोष ठरतात आणि शोध एकट्या ब्राउझरपुरता उरतो. माझ्या अनुभवात ही एकच कृती दहांतल्या सहा तक्रारींचा निकाल लावते.

ब्राउझरचे बहाणे ठराविक आहेत. जुन्या पानांवरचे प्लेअर फ्लॅश या ब्राउझरमधल्या जोड-प्रोग्रामवर चालत. अडोबीने फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी थांबवला आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेअर स्वतःच आशय चालवायचे नाकारू लागला, त्यामुळे तसले पान आज कितीही वेळा ताजे केले तरी बोलणार नाही. दुसरा बहाणा सुरक्षिततेचा आहे. पान एचटीटीपीएस या सुरक्षित जोडणीवर आणि त्यातली स्ट्रीम साध्या, असुरक्षित एचटीटीपीवर असेल, तर क्रोम २०२० सालच्या ८०व्या आवृत्तीपासून तो पत्ता आपणहून सुरक्षित करून पाहतो आणि सर्व्हरला ते जमत नसेल तर आवाज अडवतो. पानावर प्लेअर दिसतो, बटणही दबते, पण पुढे काहीच घडत नाही. तिसरा बहाणा निरुपद्रवी आहे: २०१८ पासून क्रोम पान उघडताच आवाज सुरू होऊ देत नाही, त्यामुळे पूर्वी आपोआप वाजणारे स्टेशन आता एका क्लिकची वाट पाहत बसलेले असते. “बंद पडले” म्हणून ज्याचा गवगवा होतो ते पुष्कळदा एवढेच असते.

पत्त्यांच्या बाबतीत एक जुनी खोड सांगण्यासारखी आहे. शाउटकास्ट या ऑनलाइन रेडिओच्या जुन्या प्रणालीच्या पहिल्या पिढीतले सर्व्हर अजूनही कुठेकुठे तग धरून आहेत. त्यांचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की गाण्याऐवजी स्टेशनच्या माहितीचे पान उघडते, कारण समोर ब्राउझर आहे असे दिसले की पान दाखवायचे, अशी त्यांची रीत आहे. पत्त्याच्या शेवटी एक तिरकी रेघ आणि तिच्यापुढे अर्धविराम टाकला की तोच सर्व्हर निमूटपणे गाणे पाठवू लागतो. हे मला एका रात्री निव्वळ योगायोगाने उमगले आणि त्या अर्धविरामाबद्दल तेव्हापासून मला विशेष आदर आहे. याच सर्व्हरांचे उत्तर एचटीटीपीने सुरू न होता ‘आयसीवाय २०० ओके’ या अक्षरांनी सुरू होते. व्हीएलसीला ती बोली समजते, पण नव्या सर्व साधनांना समजेलच असे नाही. शिवाय अशा स्ट्रीम बहुधा ८००० किंवा त्याच्या आसपासच्या पोर्टवरून, म्हणजे जोडणीच्या त्या क्रमांकाच्या दारातून, येतात, आणि एखादा फायरवॉल किंवा कामाच्या ठिकाणचे व्हीपीएन फक्त ८० आणि ४४३ हे नेहमीचे पोर्ट उघडे ठेवत असेल तर त्या दारातच अडतात. एका दुपारी माझी निम्मी स्टेशने वाजत होती आणि निम्मी गप्प होती. कामासाठी लावलेले व्हीपीएन बंद करताच सगळी बोलू लागली.

अलीकडची बरीच स्टेशने एचएलएस पद्धतीने येतात. यात सलग प्रवाह नसतो. काही सेकंदांचे तुकडे असतात आणि त्यांची यादी सतत बदलत राहते. अशा पत्त्याच्या शेपटीला कधीकधी लांबलचक सांकेतिक अक्षरे असतात, जी त्या एका बैठकीपुरतीच चालतात. तो पत्ता आवडीच्या यादीत जपून ठेवला तर दुसऱ्या दिवशी तो मेलेला असतो. म्हणून शेपटीशिवायचा पत्ता जपावा, आणि तो चालत नसेल तर स्टेशनचे पानच जपावे.

एकदा मात्र मी पुरता फसलो होतो. जुना संगणक बऱ्याच दिवसांनी सुरू केला तर एकही सुरक्षित स्ट्रीम वाजेना. सर्व्हरची ओळख पटवणारे प्रमाणपत्र वैध नाही, असा प्रत्येक ठिकाणी शेरा. साध्या एचटीटीपीवरची स्टेशने मात्र खुशाल वाजत होती. स्क्रीनच्या कोपऱ्यात पाहिले तर तारीख कित्येक वर्षे मागची होती. मदरबोर्डवर सीआर२०३२ नावाचा नाण्याएवढा सेल असतो, संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवणारा. तो संपला होता. सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्र अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंतच ग्राह्य असते, आणि संगणकाच्या लेखी आजची तारीख प्रमाणपत्र जन्मण्यापूर्वीची होती. सेल बदलला, तारीख लावली, रेडिओ सुरू झाला. याचीच उलट बाजू ३० सप्टेंबर २०२१ रोजी पुष्कळांनी अनुभवली. त्या दिवशी लेट्स एन्क्रिप्ट या मोफत प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थेची प्रमाणपत्रे ज्याच्या आधारावर मानली जात होती ते एक जुने मूळ प्रमाणपत्र संपले, आणि बरीच वर्षे अपडेट न झालेली यंत्रे एका दिवसात अनेक संकेतस्थळांना अविश्वासू ठरवू लागली. म्हणजे आपले घड्याळ बरोबर असूनही संगणकाचे वय आडवे येऊ शकते.

सेकंद सरकतात पण आवाज नाही, या प्रकारावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. एचडीएमआय केबलने मॉनिटर जोडला की विंडोज कधीकधी त्यालाच स्पीकर समजू लागते. व्हॉल्यूमच्या चिन्हावरून आउटपुटचे साधन बदलावे. तिथेच प्रत्येक प्रोग्रामचा आवाज वेगळा दाखवणारा मिक्सर असतो आणि एकट्या ब्राउझरचा आवाज कधीतरी आपणच शून्यावर नेलेला असतो. ब्राउझरच्या टॅबलाही म्यूट करता येते, हे विसरू नये. ब्लूटूथ हेडफोनचे दुखणे थोडे निराळे असते: गाणे अचानक टेलिफोनमधून आल्यासारखे चपटे झाले, तर कोणत्या तरी प्रोग्रामने हेडफोनचा माइक उघडला आहे आणि हेडफोन संगीताच्या मोडमधून संभाषणाच्या मोडमध्ये गेला आहे, असे समजावे. माइक वापरणारा तो प्रोग्राम बंद केला की संगीत पूर्ववत होते.

तडतडीच्या बाबतीत नेटवर्कचा विचारच करू नये, कारण हरवलेला डेटा शांतता निर्माण करतो, खरखर नव्हे. साउंड कार्डला ठराविक काळाने पुढचा घास भरवावा लागतो. एखादा ड्रायव्हर, बहुधा वाय-फायचा किंवा ग्राफिक्सचा, प्रोसेसरला काही मिलिसेकंद अडवून ठेवतो आणि तो घास चुकतो. लेटन्सीमॉन हे छोटे साधन दहा मिनिटे चालू ठेवले की गुन्हेगार ड्रायव्हरचे नाव सापडते. लॅपटॉप बॅटरीवर असतानाच तडतड होत असेल, तर ऊर्जा बचतीची सेटिंग आधी पाहावी.

आता पुन्हा रात्री दहाच्या शांततेकडे येतो, कारण मला खरे शिकवले ते तिनेच. रेडिओच्या स्ट्रीमला इंटरनेटचा वेग फारच थोडा लागतो. १२८ केबीपीएसची स्ट्रीम म्हणजे सेकंदाला १६ किलोबाइट, तासाला सुमारे ५८ मेगाबाइट. व्हिडिओ पाहता येणाऱ्या कोणत्याही जोडणीला हे ओझे जाणवतही नाही, म्हणून स्पीड टेस्टचा आकडा इथे निरुपयोगी असतो. रेडिओला हवे असते सातत्य. चित्रपट पाहताना प्लेअर पुढची कित्येक मिनिटे आधीच उतरवून ठेवू शकतो, पण थेट प्रक्षेपणात पुढचे वाक्य निवेदकाने अजून उच्चारलेलेच नसते. ते साठवणार कसे? आइसकास्टसारखा सर्व्हर जोडणी होताच मूळ सेटिंगनुसार सुमारे ६४ किलोबाइटचा एक गठ्ठा एकदम देतो, जो १२८ केबीपीएसला चार सेकंदांपुरता होतो, आणि त्यानंतर जसा आवाज तयार होईल तसाच पाठवतो. ही चार सेकंदांची शिदोरी संपली की शांतता.

शांततेनंतर गाणे जिथे थांबले तिथूनच का सुरू होते, तेही यातूनच उलगडते. डेटा छोट्या-छोट्या पाकिटांतून येतो, आणि टीसीपी या इंटरनेटवरच्या नेहमीच्या पद्धतीच्या जोडणीत वाटेत हरवलेले पाकीट पुन्हा पाठवले जाते; काही गळत नाही, फक्त उशीर होतो. आणि हा उशीर साचत जातो. मी ज्या स्टेशनवर तासाच्या ठोक्याला वेळेचे संकेत ऐकतो, ते रात्री नऊला माझ्या घड्याळापेक्षा १२ सेकंद मागे होते आणि अकराला ३५ सेकंद मागे. मधल्या २३ सेकंदांचा हिशेब त्या सगळ्या शांततांनी पुरेपूर दिला. गंमत अशी की प्रत्येक शांततेनंतर सर्व्हरकडे साचलेला भाग एकदम येतो आणि बफरची शिदोरी तेवढी वाढते, म्हणजे दोन-तीन अडखळण्यांनंतर रेडिओ खरे तर अधिक काटक झालेला असतो. मी मात्र तोवर दर अडखळण्याला चिडून पान ताजे करत होतो, साठलेली शिदोरी फेकून देत होतो आणि पुन्हा चार सेकंदांवरून सुरुवात करत होतो. त्रासाचा निम्मा भाग माझ्या बोटाने निर्माण केलेला होता.

उरलेला निम्मा शोधायला मी कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडल्या. एकीत राउटरच्या पत्त्यावर सतत पिंग (छोटा संदेश पाठवून उत्तर किती मिलिसेकंदांत येते ते मोजणे), दुसरीत बाहेरच्या एका सर्व्हरवर. पहिल्या खिडकीतच आकडे उड्या मारत असतील तर दोष वाय-फायचा असतो, २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात शेजारचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह भट्टी अशी सगळी गर्दी असते, तेव्हा ५ गिगाहर्ट्झवर जावे, ते शक्य नसेल तर १, ६ आणि ११ यांपैकी मोकळा चॅनल निवडावा, किंवा सरळ केबल लावावी. माझ्याकडे पहिली खिडकी शांत होती, एक-दोन मिलिसेकंदांवर स्थिर. दुसऱ्या खिडकीत दहाला दोन मिनिटे कमी असेपर्यंत १८, २०, १९ असे आकडे येत होते. दहा वाजले आणि ते ४००, ९००, १६०० असे चढत गेले, मध्येच एखादे उत्तर आलेच नाही. त्याच क्षणी गाणे थांबले. माझी नजर टास्कबारवर गेली आणि तिथे एक छोटा ढग फिरताना दिसला. फोटोंचा बॅकअप. दिवसभराच्या कामात अडथळा नको म्हणून मीच काही महिन्यांपूर्वी त्याची वेळ रात्री दहाची करून ठेवली होती.

बॅकअप अपलोड करतो आणि रेडिओ डाउनलोड होतो, मग दोघांची टक्कर कुठे, असा प्रश्न मलाही पडला. पण रेडिओचे प्रत्येक पाकीट मिळाल्याची पोच आपल्या संगणकाला परत पाठवावी लागते, आणि ती पोच फोटोंच्या ढिगामागे रांगेत उभी राहते. जोडणीची अपलोडची वाट अरुंद असते आणि राउटर किंवा मोडेम ती रांग वाजवीपेक्षा लांब वाढू देतो. पोच वेळेवर आली नाही की सर्व्हर पाकीट पुन्हा पाठवतो, आणि तरीही उत्तर नसेल तर दर वेळी आधीच्या दुप्पट वेळ थांबतो. चार सेकंदांची शिदोरी संपायला एवढे पुष्कळ झाले. स्पीड टेस्टला हे दिसले नाही, कारण ती मी दुपारी केली होती.

उपाय एका मिनिटाचा निघाला. बॅकअपच्या सेटिंगमध्ये अपलोडच्या वेगाला मर्यादा घालता येते. मी ती जोडणीच्या अपलोड क्षमतेच्या सुमारे तीन-चतुर्थांशावर ठेवली. पिंग ३०च्या आत आले आणि तिथेच राहिले. ज्यांच्या राउटरमध्ये एफक्यू-कोडेलसारखी रांग-व्यवस्था आहे त्यांना हेही करावे लागत नाही. २०१८ मध्ये आरएफसी ८२९० या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात प्रसिद्ध झालेली ही पद्धत छोट्या पाकिटांना मोठ्या ढिगामागे ताटकळू देत नाही. जोडीला व्हीएलसीच्या पसंतींमध्ये ‘नेटवर्क कॅशिंग’ हा मिलिसेकंदांतला आकडा मी ५००० केला. स्टेशन लावल्यावर पहिला सूर यायला थोडा वेळ लागू शकतो, पण लहानसहान धक्के त्यात जिरून जातात. फार मोठा आकडा टाकण्यात फायदा नाही, कारण पहिल्या गठ्ठ्यापलीकडचा साठा प्रत्यक्ष वेळेनेच भरतो.

त्यानंतर रात्रीची शांतता गेली. एकच अडखळणे उरले आहे, तेही एका जुन्या छोट्या प्लेअरवर, जो मी बंदच करत नाही: साधारण दिवसातून एकदा, कोणत्याही ठरावीक वेळेशी संबंध नसलेले. पिंग स्वच्छ, बॅकअप झोपलेला. बराच विचार केल्यावर मी ते घड्याळांच्या माथी मारले आहे. केंद्रातल्या एन्कोडरचे घड्याळ आणि माझ्या साउंड कार्डचे घड्याळ कधीच तंतोतंत सारखे चालत नाही. माझे कार्ड दहा लाखांत ५० भागांनी जरी वेगात असले, तरी ते तासाला ०.१८ सेकंद जास्त आवाज खाते आणि चार सेकंदांचा साठा साधारण २२ तासांत फस्त करते. चांगले प्लेअर वेग किंचित कमी-जास्त करून हे झाकतात, हा झाकत नाही. ते अडखळणे आले की मी पान ताजे करत नाही, प्लेअरला हातही लावत नाही. चार सेकंद थांबतो, आणि निवेदक आपले वाक्य पुरे करतो.